मागच्या पडवीकडची खोली मागा

मे महिन्यात आईला घेऊन तीन दिवस गुहागरला राहिले. व्याडेश्वराच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर जुनं कौलारू घर; घरच्या काकू पाहुण्यांना खोल्या देतात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि आगर संपलं की समुद्र. आईचे गुडघे आता वाळूत चालू देत नाहीत, त्यामुळे आमचे तिन्ही दिवस मागच्या पडवीतच गेले. तरी परत जाईन तर तिथेच, आणि ते एका पक्ष्यासाठी.

नारिंगी डोक्याचा कस्तुर. साळुंकीहून जरासा लहान. डोकं नि छाती पिकल्या रायवळ आंब्याच्या रंगाची, पाठ निळसर राखाडी. आपल्याकडच्या कस्तुराचा गळा पांढरा असतो आणि गालावर दोन काळपट उभ्या रेघा; हिमालयातल्याला त्या नसतात. सकाळी साडेसहाला तो फणसाखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, उतरायचा. दोन-तीन उड्या मारून थांबायचा, मान तिरकी करायचा आणि चोचीने एकेक पान उचलून बाजूला भिरकवायचा. खाली किडा, गांडूळ, एखादी गोगलगाय. सातभाई येतात ते कलकलाट करत. हा एकटा, आवाज काय तो पानाचा. कोणी उठलं की जागीच स्तब्ध, मग समोर असूनही सापडत नाही. संध्याकाळी वर दाट पानांत बसून शीळ घालायचा, मध्येच बुलबुलाची नक्कल. "अगो, हा बुलबुल नव्हे!" आई दोनदा फसली.

मी विचारलं, "काकू, तिथला पातेरा झाडत नाही का?"

"खळं झाडत्ये, वाट झाडत्ये. फणसाखालचा ठेवत्ये. तो झाडला तर हा यायचा नाही."

आगराला दिवसाआड शिपणं असतं, म्हणून भर मेमध्येही पातेऱ्याखालची माती ओली राहते आणि गांडुळं वरच मिळतात. पलीकडच्या आवारात सगळीकडे फरशी घातली आहे; तिकडे तो एकदाही उतरलेला पाहिला नाही. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाने मागे कचरा असल्याची तक्रार केली. कृपा करून तुम्ही तसं करू नका.

जेवण साधं आणि उत्तम: घावणे, कुळथाचं पिठलं, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी. दोन जेवणं धरून माणशी 1,200 रुपये. न्हाणीघर बाहेर आहे आणि दोन पायऱ्या उतराव्या लागतात, वयस्कर माणसं असतील तर बॅटरी न्या. मोबाइलला रेंज जेमतेम.

निघायच्या सकाळी तो चोचीत बारीक मुळ्या धरून जायफळाच्या झाडाकडे जाताना दिसला. काकूंनी त्या झाडाला बांधलेली कपड्यांची दोरी सोडवली आणि ओले कपडे खळ्यात नेऊन वाळत घातले.