अण्णांची बुलेट इंग्लंडला न्यायची, की तिथलीच घ्यायची?

नोकरीसाठी इचलकरंजीहून लेस्टरला जायचं ठरलं तेव्हा घर, भांडी, पुस्तकं यांचा निकाल दोन दिवसांत लागला. अडलं ते अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, १९९१ च्या बुलेटपाशी. विकायला मन होत नव्हतं आणि शेडमध्ये गंजत ठेवणंही जिवावर येत होतं. शेवटी मी ती नेली. वर्षभराने माझा मावसभाऊ आला. त्याने २०१९ ची क्लासिक ३५० कोल्हापुरातच विकली आणि इथे येऊन जुनी गाडी घेतली. आम्हा दोघांनाही पस्तावा नाही, पण कारणं अगदी वेगळी आहेत.

पहिला प्रश्न गाडीच्या वयाचा. बनून दहा वर्षं झालेली नसतील, तर ब्रिटनमध्ये नोंदणीआधी एमएसव्हीए ही तपासणी लागते. दिवे, ब्रेक, आवाज, धूर, मैलांत वेग दाखवणारा स्पीडोमीटर, सगळं तिथल्या नियमात बसावं लागतं. भारतीय बाजारासाठी बनलेली गाडी त्यात बसवायची म्हणजे एकेक भाग बदलत जायचं. मावसभावाने हिशेब मांडला आणि गाडी विकली. त्याचं बरोबरच होतं. दहा वर्षांच्या पुढची गाडी या तपासणीतून सुटते, तिला फक्त एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची नेहमीची तपासणी, लागते. मोटारसायकलच्या एमओटीची फी जास्तीत जास्त २९.६५ पौंड. आपल्यासारखंच तिथेही डावीकडून चालवतात, त्यामुळे हेडलाइटचा झोत बदलावा लागत नाही.

दुसरा प्रश्न कराचा, आणि इथेच लोक फसतात. राहायलाच जाणार असाल तर 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची सवलत मिळते, म्हणजे सीमाशुल्कही नाही आणि व्हॅटही नाही. त्यासाठी तुम्ही किमान बारा महिने सलग ब्रिटनबाहेर राहिलेले असावे लागता, आणि गाडी किमान सहा महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते. वडिलांच्या नावावरची गाडी निघायच्या आदल्या आठवड्यात आपल्या नावावर करून चालत नाही. मी आठ महिने आधी आरसीवर नाव चढवलं होतं, म्हणून निभावलं. आल्यावर बारा महिने ती विकता येत नाही, कुणाला वापरायलाही देता येत नाही.

इथे आधीच स्थायिक असाल तर ही सवलत नाही. समजा गाडीची किंमत १,००० पौंड आणि जहाजभाडं-विमा ७०० पौंड. त्या १,७०० वर ६ टक्के सीमाशुल्क १०२ पौंड, आणि मग या सगळ्यावर २० टक्के व्हॅट. एकूण कर ४६२ पौंडांच्या आसपास जातो. क्रेट, क्लिअरिंग एजंट आणि बंदराचे खर्च वेगळेच. एवढ्या पैशांत इथे नोंदणी झालेली, बऱ्या अवस्थेतली बुलेट शोधता येते. नुसती बुलेट हवी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: इथलीच घ्या. एन्फील्ड इंडियाने १९७७ पासून ब्रिटनला बुलेट पाठवायला सुरुवात केली, त्यामुळे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिनाची जुनी गाडीही इथे दुर्मीळ नाही आणि सुटे भागही मिळतात. नंबर टाकला की एमओटीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. गाडी कधी नापास झाली, कशामुळे झाली, सगळं. आपल्याकडे जुनी गाडी घेताना इतकी माहिती कोण देतं?

लंडनमध्ये राहणार असाल तर अजून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे पालिका विभागांत, युलेझ लागू आहे; जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना तिथे रोजचं शुल्क पडतं. युरो ३ या धुराच्या मानकात न बसणारी मोटारसायकल बाहेर काढली की त्या दिवसाचे १२.५० पौंड द्यावे लागतात. चाळीस वर्षांच्या पुढची, 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदलेली गाडी सुटते. अण्णांची बुलेट मधल्या वयाची, तिला ही सूट नाही. मी लेस्टरला आहे म्हणून मला झळ लागत नाही. लंडनमध्ये असतो तर मी ती आणली नसती.

न्यायचीच असेल तर पॅकिंगवर स्वतः उभे राहा. पेट्रोल पूर्ण काढायचं, बॅटरी सोडवायची, मडगार्डखालचा चिखल खरवडून काढायचा. क्रेटच्या लाकडावर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड जाऊ नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो. माझ्या पॅकिंगवाल्याने दोन फळ्या बिनशिक्क्याच्या घातल्या होत्या. न्हावा शेव्याला माल जाण्याआधी ते लक्षात आलं, क्रेट पुन्हा बांधला, आठवडा गेला. तेच इथल्या बंदरात सापडलं असतं तर साठवणुकीचं भाडं रोज चढत गेलं असतं.

गाडी पोचल्यापासून १४ दिवसांत नोवाची, म्हणजे गाडी देशात आल्याची करखात्याकडे, नोंद करायची. मग चेसिस नंबरवर विमा, एमओटी, आणि ५५ पौंड भरून डीव्हीएलए या तिथल्या वाहन नोंदणी खात्याकडे नोंदणीचा अर्ज. एमओटीवाल्याने गिअर उजव्या पायात बघितला आणि मला न विचारताच पहिला वर टाकला. त्याच्या काकांकडे अशीच एक होती म्हणाला. टाकीवर उसाच्या ट्रॉलीला घासून पडलेला पोचा आहे, त्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि विचारलं, हा काढून घ्यायचाय का? मी नको म्हटलं.

भारतीय वाहन परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. गाडी कुठलीही असो, हे दोन्ही बाजूंना सारखंच.

नोंदणीच्या अर्जासोबत मूळ आरसी पाठवावी लागते. आमचं ते जुनं पुस्तक होतं, वर अण्णांचं नाव, खाली माझं. पाकिटात घालण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढून ठेवा.