फोन सर्व्हरच्या अपग्रेडचे ५३ हजार घेतले आणि आत काहीच केलं नाही, तुम्ही तरी सावध राहा

आमचं सांगलीत बियाणं आणि शेती औषधांचं होलसेलचं ऑफिस आहे. २२ एक्स्टेंशन, एक पीआरआय लाइन (एकाच लाइनवर बरेच कॉल चालतात ती), आणि सगळे फोन चालतात एका लिनक्स सर्व्हरवर, आत अ‍ॅस्टरिस्क हे फोन चालवणारं सॉफ्टवेअर आणि ते ब्राउझरमधून वापरायला त्यावर फ्रीपीबीएक्स. मी हिशोब बघते आणि ऑफिसमधलं हे असलं सगळंही माझ्याकडेच असतं. पेरणीच्या दिवसांत अर्धा तास फोन लागला नाही तर दुकानदार सरळ दुसरीकडं ऑर्डर टाकतो, त्यामुळे फोन बंद पडेल असं कुणी म्हटलं की आमचे अण्णा लगेच घाबरतात, आणि हे आम्हाला फसवणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं कारण सर्व्हरची एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, दोन वर्षं त्याच्याकडेच होती.

जुलै २०२४ च्या सुरुवातीला तो आला आणि मोबाईलवर दाखवलं की सेंटओएस ७ चा, म्हणजे आमच्या सर्व्हरवरच्या लिनक्सचा, सपोर्ट ३० जूनला संपला, आता सिक्युरिटी अपडेट येणार नाहीत, कुणी आत घुसलं तर रात्रभर तुमच्या लाइनवरून परदेशात कॉल लावतील आणि बिल तुम्ही भरायचं. यातलं काहीही खोटं नाही. मी नंतर स्वतः बघितलं, तारीख बरोबर आहे आणि असे कॉल लावायचे प्रकारही खरोखर होतात. म्हणूनच सांगते, खरी गोष्ट पुढे करून त्याच्या आडून फसवतात, त्यामुळे संशयच येत नाही.

त्याचं कोटेशन होतं ५३ हजारांचं. त्यात २२ एक्स्टेंशनचं लायसन्स प्रत्येकी १,५०० म्हणजे ३३ हजार आणि कामाचे २० हजार. आता माहिती झालंय की अ‍ॅस्टरिस्क आणि फ्रीपीबीएक्सचा मूळ भाग जीपीएल या मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो, एक्स्टेंशनमागे लायसन्स वगैरे काही नसतं. काही जादाचे मॉड्यूल विकत मिळतात ते वेगळं, पण ते तुमच्या सर्व्हरच्या डिप्लॉयमेंट आयडीवर, म्हणजे त्याच्या नोंदणी क्रमांकावर, नोंदवलेले असतात आणि त्याचं बिल येतं. आम्हाला बिल नाही मिळालं, साधी पावती मिळाली.

१३ जुलैला शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन बसला, म्हणाला फोन बंद होतील, कुणी हात लावू नका. फोन बंद झाले, सव्वा तासाने सुरू झाले. मग त्याने मला काळी स्क्रीन दाखवली, वर मोठ्या अक्षरात नवीन लिनक्स आणि अ‍ॅस्टरिस्क २० असं लिहिलेलं, ब्राउझरमध्ये लोगोपण नवीन. मी त्याचा फोटो काढून अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि उरलेले पैसे दिले. रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, मागितला तर म्हणाला नवीन सिस्टीमला नवीन पासवर्ड आहे ताई, तो एएमसीवाल्याकडेच ठेवायचा असतो. मी गप्प बसले, तिथं बसायला नको होतं.

दिवाळीनंतर पीआरआय काढून डेटा लाइनवरून चालणारी एसआयपी ट्रंक घ्यायचं ठरलं म्हणून टेलिकॉम कंपनीचा मुलगा आला, १४ नोव्हेंबरला. त्याला रूट लागत होतं आणि एएमसीवाला फोन उचलेना. माझ्या जुन्या डायरीत पहिला पासवर्ड लिहिलेला होता, तो मुलगा म्हणाला ताई बघू तरी टाकून, आणि टाकला तर चालला! तिथंच तो थांबला, म्हणाला सगळं नवीन टाकलं असेल तर हा चालायलाच नको. मग त्याने अपटाइम अशी एकच कमांड दिली, मशीन किती वेळ सलग चालू आहे ते सांगणारी, आणि उत्तर आलं २१२ दिवस. म्हणजे मशीन एप्रिलपासून एकदाही रीस्टार्ट झालेलं नव्हतं, एप्रिलमध्ये आम्ही यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या तेव्हाचं ते. जुलैमध्ये त्या सव्वा तासात लिनक्स बदललं असतं तर हा आकडा शून्यापासून सुरू झाला असता. व्हर्जन बघितलं तर अ‍ॅस्टरिस्क १३, जे २०१४ साली आलेलं आणि २०२१ मध्ये ज्याचा सपोर्टसुद्धा संपला. जुलैच्या त्या दिवशी एएमसीवाल्याने फक्त अ‍ॅस्टरिस्क बंद करून ठेवलं होतं.

आणि ती मोठी अक्षरं? लिनक्समध्ये लॉगिन झाल्यावर दिसणारी एक साधी टेक्स्ट फाइल असते, एमओटीडी, त्यात काहीही टाइप करता येतं. त्या मुलाने फाइलची वेळ काढून दाखवली, १३ जुलै, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं. ब्राउझरमध्ये खाली फ्रीपीबीएक्सची जी ओळ असते, जिच्यात व्हर्जन आणि जीपीएल परवाना लिहिलेला असतो, तीपण एएमसीवाल्याने काढून टाकली होती. ते बघून मला फार राग आला, कारण तेवढी एक ओळ आम्ही वाचली असती तर ३३ हजार कशाचे हे विचारलं असतं.

कुणी अपग्रेड करून देतो म्हणाला तर आधी आणि नंतर अपटाइम, लिनक्सची ओएस-रिलीज फाइल (कोणतं लिनक्स आहे ते त्यात असतं) आणि अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर कोअर शो व्हर्जन हे तिन्ही तुमच्या समोर टाइप करायला लावा, स्वतः रूट पासवर्ड टाकून, आणि त्याचा फोटो घ्या, स्वागताच्या स्क्रीनचा नको. सेंटओएस ७ वरच्या सर्व्हरला त्याच डिस्कवर सव्वा तासात फ्रीपीबीएक्स १७ वर नेतो म्हणाला तरी थांबा, कारण १७ डेबियन १२ या वेगळ्या लिनक्सवर चालतं, त्याला नवीन इन्स्टॉल करावंच लागतं. आमचं खरं काम डिसेंबरात झालं ते तसंच, दुसऱ्या मशीनवर सगळं टाकलं, एक्स्टेंशन फ्रीपीबीएक्समधल्या बल्क हँडलरने सीएसव्ही फाइलमध्ये काढून इकडे भरले, आयव्हीआर, म्हणजे अमुकसाठी एक दाबा वगैरे सांगणारा मेनू, हाताने परत बनवला, त्याचे आवाज आणि जुनी रेकॉर्डिंग कॉपी केली, आणि जुनं मशीन महिनाभर बाजूला तसंच ठेवलं. फोन रविवारी बदलले, सोमवारी कुणाला कळलंपण नाही.

पैसे परत आले नाहीत. वकिलाची नोटीस गेली, पोलिसांकडे अर्ज दिला, त्या पावतीवर लायसन्स हा शब्द आहे आणि फाइलची तारीख आहे, तेवढाच पुरावा. नवीन रूट पासवर्ड आता बंद पाकिटात अण्णांच्या कपाटात आहे, आणि जुनी डिस्क पण मी पुसू दिलेली नाही.