सिद्धता कशी मांडावी : रकाने, परिच्छेद की उतरंड?

डावीकडे विधान, उजवीकडे कारण ही शाळेतली मांडणी. कॉलेजात तीच सिद्धता सलग परिच्छेदात येते. तिसरी पद्धत लेस्ली लॅम्पोर्ट यांची (गणिती मजकूर छापायला वापरतात ती लाटेक्स ही संगणकप्रणाली बनवणारे तेच). टप्प्यांना क्रमांक, प्रत्येक टप्प्याखाली आत सरकवलेले उपटप्पे, म्हणजेच उतरंड. त्यांचा त्यावरचा लेख १९९५ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत आला होता.

मांडणी नीटनेटकी म्हणून तर्क बरोबर ठरत नाही, हे आधीच सांगतो. 'प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो' हे जुनं फसवं प्रमेय रकान्यांत झकास बसतं. त्रिकोण अबक मध्ये कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक म मध्ये छेदतात. म पासून अब आणि अक वर लंब टाका, त्रिकोण एकरूप दाखवा, तुकड्यांची बेरीज करा, झालं अब = अक! प्रत्येक ओळीसमोर कारण हजर. पण अब आणि अक असमान असतील तर म त्रिकोणाबाहेर पडतो. एक लंबपाद बाजूवर येतो, दुसरा वाढवलेल्या बाजूवर, म्हणजे एकीकडे बेरीज आणि दुसरीकडे वजाबाकी हवी. म आतच आहे हे फक्त आकृतीत गृहीत धरलेलं असतं, रकान्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

परिच्छेद वाचायला गोड, पण 'हे उघड आहे' म्हणून पुढे सटकायची सोय त्यातच सगळ्यात जास्त.

माझं मत उतरंडीकडे फिरलं ते मात्र एका कटकटीमुळे. √२ अपरिमेय आहे, याची अप्रत्यक्ष सिद्धता घ्या. 'समजा √२ = प/क, अतिसंक्षिप्त रूपात.' पुढे दोन ओळी येतात: 'पूर्णांकाचा वर्ग सम असेल तर तो पूर्णांक सम असतो' आणि 'प सम आहे'. पहिली कायमची खरी. दुसरी त्या 'समजा'च्या जिवावर उभी, विसंगती आली की तीही गेली. रकान्यांत दोन्ही एकाच रांगेत, सारख्याच तोऱ्यात. वही तपासताना कुठली ओळ अजून वापरता येते, हे दर वेळी मागे जाऊन शोधा! उतरंडीत 'समजा'खालचं सगळं आत सरकलेलं असतं, त्यामुळे नजरेलाच कळतं.

कागद जास्त लागतो हे खरं, आणि चार ओळींच्या सिद्धतेला एवढा थाट कशाला? दहावीच्या पेपरात तर शाळेत शिकवलेलंच लिहावं. पण 'समजा'च्या आत आणखी एक 'समजा' येणार असेल, तर निदान मी तरी परिच्छेदाच्या वाटेला जात नाही.