पाटणची मुलाम्याची बुद्धमूर्ती : एक पावसाळा काढल्यावर

नेपाळमधल्या पाटणहून आणलेली ८ इंची शाक्यमुनींची मूर्ती गेल्या हिवाळ्यापासून आमच्या हॉलमध्ये आहे. मध्ये पावसाळाही होऊन गेला, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

मूर्ती तांब्याची. आतून पोकळ असली तरी उचलताना मनगटाला चांगलंच कळतं. पाटणचे नेवार कारागीर, त्यातले बरेचसे शाक्य आडनावाचे, आधी मेणाची मूर्ती करतात. तिच्यावर मातीचे थर चढवायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि पोकळीत तांबं ओतायचं. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे हुबेहूब जुळी मूर्ती निघत नाही. मग छिन्नीने बारीक काम, आणि शेवटी पाऱ्यात कालवलेलं सोनं अंगाला लावून आगीवर पारा उडवायचा. ही वाफ विषारी असते. घासाघीस करताना तेवढं ध्यानात असू द्या.

चेहऱ्याचं सोनं मात्र वेगळं. सोन्याची भुकटी सरसात कालवून कुंचल्याने लावतात, म्हणून अंग झळकतं आणि चेहरा मऊ, निस्तेज पिवळा दिसतो. आमच्याकडे एका पाहुण्याने कौतुकाने गालावरून बोट फिरवलं. तिथे चकचकीत डाग पडला, तो कायमचा.

उजव्या हाताची बोटं जमिनीकडे, म्हणजे भूमिस्पर्श मुद्रा. बोधिवृक्षाखाली माराने, म्हणजे मोहात पाडू पाहणाऱ्या शत्रूने, साक्षीदार मागितला, तेव्हा सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षीला बोलावलं, तो क्षण. मला यातलं हेच सगळ्यात भावतं: साक्षीला कुणी देव नाही, पायाखालची जमीन.

वज्रयान या तांत्रिक बौद्ध परंपरेत मूर्तीच्या आत मंत्रांच्या गुंडाळ्या भरून तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करतात आणि प्रतिष्ठा करतात. आमची मूर्ती रिकामीच ठेवली. आमचं घराणं १९५६च्या धम्मदीक्षेपासून बौद्ध, मूर्तीसमोर त्रिशरण-पंचशील होतं, तेवढं पुरे. आईचा आक्षेप निराळाच होता: "ज्याने राजवाडा सोडला, त्याला सोनं कशाला रे?" महापुरुषाच्या ३२ लक्षणांत सोनेरी कांती येते, हे मी सांगून पाहिलं. तिला अजून पटलेलं नाही, आणि तिचा प्रश्न काही चुकीचा नाही.

आता तक्रार. दुकानदार 'पूर्ण मुलामा' म्हणाला होता, पण पाठीमागे चिवराच्या (भिक्खूच्या वस्त्राच्या) खालच्या घडीत तो पातळ निघाला. पावसाळ्यात नेमके तिथेच तपकिरी ठिपके आले. समोरून काही दिसत नाही. साफसफाईला कोरडा मऊ ब्रश, बस्स. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर जवळसुद्धा आणू नका, सोनं निघून जाईल. अगरबत्ती आणि मेणबत्ती हातभर लांब ठेवा.

घेताना मूर्ती उलटी करून पाठ आणि तळ उजेडात बघा. मुलामा आगीवरचा की इलेक्ट्रोप्लेटिंगचा, ते स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. मूर्ती पुरातन नसल्याचा नेपाळच्या पुरातत्त्व विभागाचा दाखलाही दुकानदाराकडूनच काढून घ्या, विमानतळावर तो मागू शकतात.