द एक्सपान्स, दुसऱ्यांदा (हीट ट्रान्सफरच्या दोन चॅप्टरमध्ये)

सहाव्या सेमची परीक्षा तोंडावर आलीय आणि मी प्राइम व्हिडिओवर द एक्सपान्स ही अवकाशातली सायन्स फिक्शन सिरीज बघालोय, तेही दुसऱ्यांदा. नियम असा केलाय की जेवण झालं की एक एपिसोड, साधारण पाऊण तासाचा, मग परत हीट ट्रान्सफरचा अभ्यास. पहिल्यांदा बघताना हा नियम दोन दिवससुद्धा टिकला नव्हता, कारण एपिसोड नेमका असल्या जागी संपवतात की पुढचा लावल्याशिवाय झोपच येत नाही. आता पुढं काय होणार माहीत आहे, त्यामुळं डोकं शांत राहतंय, जेवून कट्ट्यावर जाऊन चार ओळखीच्या माणसांत बसून आल्यासारखं वाटतंय बघा. म्हणून सांगतो, ब्रेकला बघायची असली तर आधी सुट्टीत एकदा उरकून घ्या.

गोष्ट 23व्या शतकातली. पृथ्वी युनायटेड नेशन्सच्या हातात, मंगळ वेगळा देश होऊन बसलाय, सगळा लष्करी कारभार, आणि मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारे ते बेल्टर. त्या पट्ट्यातल्या सीरीसवर प्यायचं पाणी कुठलं, तर शनीच्या कड्यांतला बर्फ जहाजातून ओढून आणायचा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही.

खरी मजा बेल्टरांच्या बोलण्यात आहे. निक फार्मर नावाच्या भाषातज्ज्ञानं सिरीजसाठी ती बोली मुद्दाम बनवलीय, कितीतरी भाषांचा काला, आणि आपला 'वाला' पण त्यात जाऊन बसलाय. ग्रहावरच्या लोकांची चमचेगिरी करणाऱ्या बेल्टरला 'वेलवाला' म्हणतात, वेल म्हणजे गुरुत्वाची विहीर, ग्रहाची ओढ. मिलर म्हणून डिटेक्टिव्ह आहे, स्वतः बेल्टर, खरं नोकरी पृथ्वीवाल्या कंपनीची, त्याला ही शिवी सारखी बसते. स्पेससूटमध्ये खांदे उडवलेले कुणाला दिसणार, म्हणून ही लोकं मान-खांदा सोडून हातानंच सगळं सांगतात, आणि सूट नसला तरी सवय जात नाही. मला हे फार आवडलं. मी पुण्याला गेलो की तुझी मराठी कन्नड वाटते म्हणतात, बेंगळुरूला गेलो की तुझं कन्नड मराठी वाटतंय म्हणतात, आणि आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीवाली मावशी एकाच वाक्यात दोन्ही भाषेत भाव सांगून वर हिंदीत ओरडते. त्यामुळं पृथ्वी बरोबर की मंगळ या भांडणात मी पहिल्या एपिसोडपासून बेल्टरांकडनं आहे, त्यांची काही माणसं पुढं काय वाट्टेल ते करतात तरी.

माझा आवडता मात्र बेल्टर नाही, एमस. बाल्टिमोरमध्ये वाढलेला, रोसिनांटे जहाजाचा मेकॅनिक. आपल्याला चांगलं-वाईट आतून कळत नाही हे त्याला स्वतःला माहीत आहे, म्हणून ज्याला कळतं त्या माणसाला धरून राहायचं एवढं त्यानं ठरवलंय, आधी जहाजावरची नाओमी, मग बाकीचे. गुरूच्या गॅनिमीड चंद्रावर मुलगी हरवलेला प्रॅक्स भेटतो, झाडाझुडपांचा शास्त्रज्ञ, साधा माणूस, त्याच्याशी एमस ज्या पद्धतीनं वागतो ते बघाच, यापेक्षा जास्त सांगत नाही. मारामारी करणारा माणूस इतका हळू आवाजात लिहिलेला मी दुसरीकडं बघितलेला नाही.

मेकॅनिकलवाल्यांनी जहाजं पण बघावीत. इंजिन खाली आणि मजले त्याच्यावर एकावर एक, बिल्डिंगसारखे, कारण इंजिनचा जोर लागतो तेव्हाच पायाखाली वजन येतं. निम्मी वाट झाली की जहाज उलटं फिरवून ब्रेक मारायचा. आमच्या सरांनी असं शिकवलं असतं तर... जाऊ दे.

तक्रारी आहेत. पहिले चार एपिसोड कोण कुणाचा काही कळत नाही, सबटायटल लावा, सोडू नका. फोनवर बघत असाल तर काही सीनमध्ये नुसता अंधारच दिसतो. तीन सीझननंतर 2018 मध्ये सायफाय चॅनलनं बंद केली होती, तेव्हा चाहत्यांनी सिरीज वाचवा म्हणून विमानाला बॅनर लावून ॲमेझॉनच्या ऑफिसवरनं फिरवलं आणि मग ॲमेझॉननं घेतली. एवढं करून सहाव्या सीझनला सहाच एपिसोड, आणि त्यात लकोनिया ग्रहाची एक गोष्ट सुरू करून तशीच लटकत ठेवलीय. एकूण 62 एपिसोड होतात.

पाचात साडेचार. आमची आजी पण येऊन बसते हल्ली, युएनची, म्हणजे पृथ्वीच्या सरकारातली अवसराला बाई साडीत दिसली की. शोहरे अगदाश्लू या इराणी नटीनं केलीय ती, घोगरा आवाज, आणि तोंडात एक एक शिव्या. आजीला इंग्लिश येत नाही ते बरं आहे, तिचं आपलं पदर किती छान घेतलाय बघ एवढंच. आज अवसराला आणि मंगळाची सैनिक बॉबी त्या रेसच्या छोट्या जहाजातनं पळतात तो एपिसोड आहे, आणि आतनं हाक यालीय, "काय रे, ती साडीवाली आली काय?"