मोफत बालहृदयसेवा: ऑपरेशन चोख, पुढची सोय अपुरी

धर्मादाय बालहृदयसेवेत ऑपरेशनच्या दर्जाबद्दल सहसा तक्रारीला जागा नसते. खरी गोम प्रतीक्षायादीत आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल तर ते साधारणपणे पहिल्या वर्षातच बुजवावं लागतं. फार उशीर झाला की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून तारीख देणारं केंद्र गाठावं.

मिळालेली तारीख हुकते ती सर्दी-तापाने, नाहीतर किडलेल्या दाताने. दातातले जंतू रक्तातून झडपांवर जाऊन बसू शकतात.

घरी सोडताना चांगल्या केंद्रात आईला बाळ उचलायला लावून बघतात, हे फार मोलाचं. काखेत हात घालायचा नाही. एक हात मान-खांद्यांखाली, दुसरा कुल्ल्यांखाली. ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड जुळायला साधारण ६ आठवडे लागतात.

पुढे मात्र सेवा तोकडी पडते. धातूची झडप बसवलेल्या मुलाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणीही वारंवार. प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी यांची सोय नसली की फेरतपासणी सुटते. नाव नोंदवतानाच हे स्पष्ट विचारा.