सीएस५०एक्स: अकरावीतल्या मुलीने वापरल्यानंतरचा अनुभव

दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग रुळायला पावसाळा अर्धा सरतो. संगणकाची मनापासून आवड असलेल्या मुलांना हा मधला काळ म्हणजे मोठी संधी आहे. माझ्या मुलीने त्या सुट्टीत हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५०एक्स (थोडक्यात सीएस५०) हा संगणकशास्त्राचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. आता अकरावी संपत आली, तरी तो चालूच आहे. ‘तुमच्या मुलाच्या गतीने शिक्षण’ असं सांगून मोठी फी मागणारे कोर्स हल्ली पावलोपावली दिसतात, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आधी ती एका खाजगी कोडिंग क्लासला जायची. तिथे सगळी बॅच एकाच चालीने पुढे सरकायची. जे तिला लगेच कळलं तेच पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे, आणि जिथे ती अडायची तिथे मात्र सरांना पुढचा धडा गाठायचा असायचा.

सीएस५०मध्ये प्राध्यापक डेव्हिड मॅलन यांची व्याख्यानं सगळ्यांना सारखीच. कुणासाठी काही वेगळं निवडून दिलं जात नाही. खरा फरक आहे तो गृहपाठात. सुरुवातीच्या बऱ्याच आठवड्यांत एकाच विषयाचं प्रोग्रॅमिंगचं एक सोपं आणि एक अवघड उदाहरण असतं, आणि कुठलं घ्यायचं ते मुलानेच ठरवायचं. मारिओच्या खेळातला विटांचा पिरॅमिड छापायचा असेल, तर सोप्यात एका बाजूचा, अवघडात दोन्ही बाजूंचा. मुलीने सुरुवातीला सोपं घेतलं. निवडणुकीची मतं मोजणारा प्रोग्रॅम लिहायचा आठवडा आला, तेव्हा मात्र ‘टाइडमन’ या अवघड गृहपाठाला हात घातला.

हे टाइडमन प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. मग दोन-दोन उमेदवारांची तुलना करून जिंकणाऱ्याकडून हरणाऱ्याकडे बाण काढायचा. मोठ्या फरकाचे बाण आधी पक्के करायचे, पण एखाद्या बाणामुळे वर्तुळ तयार होत असेल तर तो सोडून द्यायचा. हे वर्तुळ ओळखणारा कोड लिहिण्यात तिच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. ‘चेक५०’ ही कोर्सची आपोआप होणारी तपासणी कोणती चाचणी फसली ते सांगते, उत्तर देत नाही. जेवणाच्या टेबलावर कागदाचे कपटे मांडून ती बाण फिरवत बसायची. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, तरी ती मला समजावून सांगायची आणि सांगता सांगता तिलाच चूक सापडायची. कुठल्याही क्लासमध्ये एका मुलीसाठी बॅच इतकी थांबली नसती. मुलाच्या गतीचं शिक्षण म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं: येतं ते झपाट्याने मागे टाकता यावं, आणि अवघड जागी हवं तितकं रेंगाळता यावं. जाहिराती पहिल्या भागाबद्दलच बोलतात. माझ्या मते दुसरा भाग जास्त मोलाचा आहे.

कॉलेजमध्ये तिने बायफोकल, म्हणजे अकरावी-बारावीचा व्यावसायिक विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतलं आहे. त्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर येतो, आणि त्यातले हेक्साडेसिमल (दहाऐवजी सोळाच्या पायावरचे) आकडे बरीच मुलं नुसते पाठ करतात. तिने त्याआधीच ‘रिकव्हर’ हा गृहपाठ केला होता. कॅमेऱ्याच्या कार्डची एक फाइल मिळते, त्यातून पुसलेले ५० फोटो परत काढायचे. प्रत्येक जेपेगची, म्हणजे फोटोच्या फाइलची, सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या बाइट्सनी होते, त्या खुणेवरून. त्यामुळे ते आकडे तिच्या ओळखीचेच होते. कोर्समधल्या सी या प्रोग्रॅमिंग भाषेमुळे बायफोकलमधली सी++ ही भाषाही सोपी गेली.

‘स्पेलर’ हा तिचा सर्वांत लाडका गृहपाठ. १,४३,०९१ शब्दांचा शब्दकोश मेमरीत भरायचा आणि मोठ्या मजकुरातले चुकीचे शब्द कमीत कमी वेळात शोधायचे. कोड बरोबर ठरल्यावरही ती हॅश फंक्शन (कुठला शब्द कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते ठरवणारा कोड) बदलून वेळ आणखी कमी करत राहिली. पुढे पायथॉन ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा आली, ती तिने भराभर संपवली.

एआयबाबतचा नियम मला फार पटला. चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून कोड लिहून घ्यायला मनाई आहे. त्याऐवजी कोर्सचं स्वतःचं ‘बदक’ नावाचं एआय मदतनीस आहे. ते प्रश्नाला थेट उत्तर न देता विचाराला दिशा देतं. हा नियम घरीही पाळायला लावा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल.

आता अडचणी. व्याख्यानं इंग्रजीत असतात आणि एकेक साधारण दोन तासांचं. मराठी माध्यमातल्या मुलांनी सबटायटल लावून, तुकड्या-तुकड्याने बघावं. काम ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे साधा लॅपटॉप पुरतो, पण इंटरनेट लागतंच आणि मोबाइलवर भागत नाही. बारावी किंवा जेईईच्या गुणांत याने थेट भर पडत नाही, म्हणून दोन्ही एकत्र करायचं तर आठवड्याचे तास आधीच ठरवावे लागतात. गणित यात शिकवत नाहीत. त्यासाठी आम्ही खान अकॅडमी ही शिकवणारी वेबसाइट वापरतो. इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड या शालेय मुलांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेकडे डोळा असेल तर त्याची तयारी वेगळी करावी लागते. त्यातल्या झिओ या झोनल, म्हणजे विभागीय, परीक्षेत कोड लिहायचा नसतो. टाइडमनसारख्या गृहपाठांमुळे लागलेली कागदावर विचार करायची सवय मात्र तिथे कामी येते.

परीक्षेच्या दिवसांत कोर्स खुशाल बाजूला ठेवा. ३१ डिसेंबरची मुदत असते, पण राहिलेलं काम पुढच्या वर्षीच्या कोर्समध्ये पूर्ण करता येतं, झालेलं वाया जात नाही. आणि प्रमाणपत्रासाठी लगेच पैसे भरू नका. हा कोर्स एडएक्स या वेबसाइटवरही आहे, तिचं प्रमाणपत्र सशुल्क आहे, पण सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प पुरेशा गुणांनी पूर्ण केला की सीएस५०चं स्वतःचं प्रमाणपत्र मोफत मिळतं.